रंगभरीच्या आदल्या दिवशी

पहाटे साडेचार. ब्रह्मघाटावर स्नानाला निघालेल्यांच्या चपला वाजू लागतात, तेव्हा मी रात्री भिजवलेले बदाम सोलत असतो. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून घरात आमची मराठी टिकली. हातांना मात्र ठंडाईचीच भाषा येते.

पाच. गोदौलियाच्या दुकानात पाटा मांडतो. खसखस आधी, अगदी थेंबभर पाण्यात. पाणी जास्त झालं तर दाणे वरवंट्याखालून निसटतात. मग बडीशेप, मिरे, मगज आणि शेवटी बदाम. मिक्सर आहे, पण त्यात वाटण तापतं आणि दुकानाचे मालिक पहिल्याच घोटाला ओळखतात.

सात. सरबताचा पाक. त्यात सुक्या मेव्याचं वाटण घालत नाही. तेल वर येऊन खवट होतं. मिरे, बडीशेप, वेलदोडे आणि गुलाबपाकळ्यांचा गाळलेला काढा 1 लिटर, साखर 2 किलो. म्हणजे साखर साधारण 66 टक्के. इतक्या दाट पाकात बुरशीचा टिकाव लागत नाही. शेवटी लिंबाचे थेंब, नाहीतर बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे बसतात.

नऊ. बाटल्या उकळून, पालथ्या घालून, पूर्ण कोरड्या. मागच्या वर्षी घाईत मी गरम पाकावरच बुचं लावली. आतली वाफ थेंब होऊन मानेशी जमली, वरचा थर पातळ झाला आणि आठवड्यात पांढरी लव धरली. अकरा बाटल्या मोरीत ओतल्या. तेव्हापासून थंड होईपर्यंत वरून फक्त मलमल.

दुपारी एक. सरकारी भांगेच्या ठेक्यावरून गोळा येतो. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात चरस आणि गांजा येतात, नुसती पानं येत नाहीत. पानांचा कारभार राज्याच्या आबकारी खात्याकडे. गोळा ओल्या फडक्यात, फ्रिजच्या वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून. पाकाच्या बाटलीत तो कधीच जात नाही. मालिकांचा हा नियम मला आधी हट्ट वाटायचा. बाटली घरी जाते, कपाटात राहते, आणि सुट्टीला आलेलं पोर ती सरबत समजून ओततं, हे त्यांनी एकदा सांगितलं तेव्हा मी गप्प झालो. शिवाय एका झाडाचं पान दुसऱ्यासारखं नसतं. सगळ्या बाटल्या सारख्या निघतील याची हमी कोण देणार?

साडेपाच ते नऊ श्वास घ्यायला वेळ नसतो. उद्या रंगभरी एकादशी, विश्वनाथाची पालखी निघेल, गुलाल उधळेल. भांग मागितली तरच, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून, थोडीशी, आणि दुधातच. तिची नशा चरबीत विरघळते, पाण्यात नाही. म्हणून मलईदार दूध. गाडी चालवत आलेल्याला साधी ठंडाई.

आज एक पोरगा अर्ध्या तासात परत आला. “भैया, कुछ हुआ ही नहीं, एक और।” मालिकांनी त्याला बाकड्यावर बसवलं, कचोरी दिली. पोटातून चढणाऱ्या भांगेला तास-दीड तासही लागतो. तोवर दुसरा पेला घेतलेली माणसं मग रात्रभर रडतात. आठ वाजता तोच पोरगा भिंतीवरच्या पालीकडे बघून हसत होता. सोबतच्या मित्राने त्याला रिक्षात घातलं.

दहा. पुण्याहून आतेभावाचा फोन. “दादा, येताना खरी बाटली आण रे, भांगेची.” महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणं दारूबंदी कायद्यात बसतं, हे त्याला मी दरवर्षी सांगतो आणि तो दरवर्षी विसरतो. मी साध्या पाकाची एक बाटली ‘आज’ वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात गुंडाळली, बुचावर मेण ओतलं.

उरलेलं भांगेचं दूध मोरीत. ते उद्यासाठी कोणी ठेवत नाही. पाटा तीनदा धुतला, उभा करून ठेवला. बदाम भिजत घातले.