निर्मळ पाणी आणि सिद्ध पाणी

मत्स्यपेटीतील नवे पाणी कितीही निर्मळ दिसले, तरी तेवढ्यावरून ते माशांना राहण्याजोगे आहे असे ठरत नाही. माशांच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. त्याचे निवारण करणारे जीवाणू नव्या पेटीत पुरेशा संख्येने नसतात. म्हणून मासे सोडण्यापूर्वी त्यांची वसाहत होऊ देणे अगत्याचे ठरते.

ही क्रिया दोन पायऱ्यांनी घडते. प्रथम अमोनियाचे नायट्राइट होते व नंतर नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्ये माशांना विषारी होत; नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती क्षीण होते. नायट्रेट त्यामानाने सौम्य असून पाणी बदलून ते कमी करता येते. जीवाणू मुख्यत्वे गाळणी व वाळूच्या पृष्ठभागावर वसत असल्याने पाण्याबरोबर ते निघून जात नाहीत. पेटीत मासे नसताना मोजका अमोनिया घालीत राहिल्यास साधारणतः ४ ते ६ आठवड्यांत ही वसाहत स्थिरावते.

दुसऱ्या पायरीचे श्रेय दीर्घकाळ नायट्रोबॅक्टर या जीवाणूंना दिले जाई. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत ते कार्य नायट्रोस्पायरा करतात असे दाखविले. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडणारे नायट्रोस्पायरा आढळून आले.

तथापि कर्त्याचे नाव बदलले, तरी कसोटी बदललेली नाही. घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा व्हावा, नायट्राइट उरू नये आणि नायट्रेट मात्र आढळावे. या कसोटीस न उतरलेल्या पाण्यात मासे सोडणे म्हणजे त्यांच्या प्राणांवर प्रयोग करणे होय.