कुंपणाचे गणित

चौथीत असताना मला एका गणितात भोपळा मिळाला होता. गणित तसे सोपे होते. चौरस बागेची बाजू वीस मीटर. दर मीटरला दोन रुपये, तर बागेला कुंपण घालण्यास खर्च किती? आमच्या घरात दखनी बोलत. कुंपणाला आम्ही ‘बाड’ म्हणत असू. ‘कुंपण’ हा शब्द मला ठाऊक नव्हता. बागेवर काहीतरी अंथरायचे असेल असे समजून मी विसाला विसाने गुणले, मग दोनाने. गुणाकार बरोबर होता. गुरुजींनी लाल फुली मारली आणि म्हणाले, “याचे गणित कच्चे आहे.”

ही गोष्ट आठवली ती भाच्याच्या फोनमुळे. तो नोकरीसाठी सहकुटुंब अमेरिकेत गेला. मुलगा तिसरीत. “मामूजान, नवीन मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजी वाचनाच्या परीक्षेतून एकदा सूट देता येते म्हणे, पण गणिताला बसावेच लागते. पोराला प्रश्नच कळला नाही तर?” मी साधा बी. ए. आणि कविता लिहिणारा माणूस. पण प्रश्न शब्दांचा होता, म्हणून मिळेल ते वाचत गेलो.

अमेरिकेत एके काळी याच्या उलट होते. अपंग मुलांना आणि इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांना मोठ्या परीक्षांतून सहज वगळले जाई. त्यात दया होती, तसा हिशेबही होता. कच्ची समजली जाणारी मुले घरी राहिली की शाळेची सरासरी वर जाते. पण जे मूल मोजलेच जात नाही, त्याला काय शिकवले हे विचारणार कोण? म्हणून १९९७ साली अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यांना राज्याच्या परीक्षांत सामावून घेणे बंधनकारक झाले. जानेवारी २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवी दर वर्षी, आणि पुढे हायस्कुलात एकदा, वाचन व गणिताची परीक्षा. शिवाय अपंग, इंग्रजी शिकणारे अशा प्रत्येक गटातील किमान ९५ टक्के मुले परीक्षेला बसलीच पाहिजेत. २०१५ च्या नव्या कायद्याने जुन्यातील बरेच काही बदलले, पण ही ९५ टक्क्यांची अट ठेवली. अतितीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या थोड्या मुलांसाठी मात्र वेगळी परीक्षा असते.

पण नुसते बाकावर बसवून भागत नाही. अंध मुलाला ब्रेल प्रश्नपत्रिका हवी, मंददृष्टीच्या मुलाला मोठी अक्षरे, कर्णबधिराला खुणांच्या भाषेत सूचना, कुणाला जादा वेळ. आपल्याकडे दहावीलाही लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. याला आपण ‘सवलत’ म्हणतो. मला हा शब्द खटकतो. सवलत बसच्या तिकिटात असते. चष्मा लावणाऱ्याला कुणी सवलत दिली असे आपण म्हणतो का? ती सोय आहे.

सोय कुठली योग्य, हे ठरवायची कसोटी सोपी आहे. परीक्षा नेमके काय मोजते? गणिताचा प्रश्न मुलाला वाचून दाखवला तर गणित तेच राहते. वाचनाच्या परीक्षेत उतारा वाचून दाखवला, तर जे मोजायचे तेच नाहीसे होते. तसेच हाताने भागाकार येतो का हे पाहायचे असेल, तर कॅल्क्युलेटर ही सोय होत नाही.

गणिताला भाषा लागत नाही, अशी आपली समजूत असते. जमाल अबेदी या अमेरिकेतील संशोधकाने सहकाऱ्यांसह ती तपासली. त्यांनी राष्ट्रीय चाचणीतील गणिताचे काही प्रश्न घेतले, आकडे आणि गणित तेच ठेवून वाक्ये सोपी केली. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झालेला दिसला. तो फार मोठा नव्हता, पण गरीब घरांतील मुलांनाही झाला. आपल्या भाषेत पाहा. “दुकानदाराने खरेदी केलेल्या चाळीस पेट्यांपैकी एक चतुर्थांश पेट्या सदोष आढळल्यास उर्वरित पेट्यांची संख्या काढा.” आता हे ऐका. “दुकानदाराने चाळीस पेट्या घेतल्या. पाव पेट्या खराब निघाल्या. चांगल्या किती?” उत्तर दोन्हीकडे तीसच. इंग्रजीत तर साधे शब्दही दगा देतात. ‘टेबल’ म्हणजे जेवायचे टेबल हे नव्या मुलाला माहीत असते, पण गणितात ते आकड्यांचे कोष्टक असते. ‘ऑड’ म्हणजे विचित्र, आणि विषमसुद्धा.

भाच्याला मी सांगितले, “बेटा, पोराला परीक्षेला बसू दे. पण शाळेत जाऊन विचार, गणिताच्या पेपरात दोन भाषांची शब्दसूची मिळते का, प्रश्न वाचून दाखवतात का, वेळ वाढवून मिळतो का. मागायला लाजू नकोस. गुण कमी आले, तर गणित अडले की शब्द अडला, एवढे बाईंना शोधायला सांग.”

माझ्या गुरुजींवर राग नाही. साठ मुलांचा वर्ग होता. पण त्या दिवशी त्यांनी “कुंपण म्हणजे काय रे?” एवढे विचारले असते, तर मी कुठे अडलो ते दोघांनाही कळले असते. त्या गणिताचे उत्तर एकशे साठ रुपये. ते घरी येऊन, अब्बांनी कुंपण म्हणजे बाड हे सांगितल्यावर, मी तोंडी काढले होते.