बाहेरचा हेडर बसवला की गाडीची वॉरंटी जाते का? रील्समधलं अर्धं उत्तर अमेरिकेचं आहे

समजा, बीडच्या एका पोराने नवी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. एमएच-२३ पासिंग, हौसेचा नंबर, मांजरसुंबा घाटात मित्रांसोबत चक्कर. सहा महिने होतात आणि मोबाईलवर एक रील येते. स्टॉक एक्झॉस्ट काढला, चकचकीत स्टीलचा हेडर बसवला आणि गाडीचा आवाजच बदलला. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, "भाऊ, वॉरंटीचं काय?" उत्तर येतं, "काही होत नाही. हेडरमुळेच बिघाड झाला हे कंपनीला सिद्ध करावं लागतं."

हे उत्तर खोटं नाही, पण ते आपल्या देशाचं नाही. त्यावर विसंबून पैसे घालणाऱ्याला टर्बोचं बिल स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी हेडर म्हणजे काय ते बघू

इंजिनात पेट्रोल जळतं आणि त्याचा धूर प्रत्येक सिलेंडरमधून बाहेर पडतो. चार सिलेंडरचे चार रस्ते एकत्र आणून पुढच्या पाइपला जोडणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनीचा मॅनिफोल्ड बऱ्याचदा बिडाचा असतो. तो जड असतो, पण टिकाऊ आणि स्वस्त असतो, आणि गरम-थंड होणं वर्षानुवर्षं सहन करतो.

हेडर हे त्याच मॅनिफोल्डचं बाहेरून विकत मिळणारं रूप. यात प्रत्येक सिलेंडरला स्टीलचा वेगळा, ठरावीक लांबीचा पाइप असतो. धूर एकसारखा वाहत नाही, तो झटक्या-झटक्याने बाहेर येतो. पाइपची लांबी आणि जोडणी जमली, तर एका सिलेंडरचा झटका पुढे जाताना मागे कमी दाब सोडतो आणि पुढच्या सिलेंडरचा धूर ओढून घेतो. चार पाइप थेट एकात आणले तर त्याला ४-१ म्हणतात. आधी दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि मग एक केला तर ते ४-२-१.

पण गोम अशी आहे की हा फायदा प्रामुख्याने बिनटर्बोच्या इंजिनात, तोही ठरावीक आरपीएमला मिळतो. ईसीयू ट्यून केला नाही तर फरक कानाला जास्त आणि चाकाला कमी जाणवतो. टर्बो गाडीत तर मॅनिफोल्डच्या लगेच पुढे टर्बो बसलेला असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआयसारख्या इंजिनात मॅनिफोल्ड सिलेंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तिथे वेगळा हेडर बसवायला जागाच नाही. अशा गाड्यांसाठी 'हेडर' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा टर्बोच्या पुढचं डाउनपाइप असतं.

बीएस-६ गाडीत हा विषय नाजूक का झाला?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. आता बऱ्याच गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतलं 'कॅट', इंजिनाला अगदी चिकटून असतं. लवकर गरम झालं तरच ते लवकर कामाला लागतं. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात आणि ते विषारी वायूंचं रूपांतर कमी घातक वायूंत करतात.

त्यामुळे हेडर किंवा डाउनपाइप बदलताना अनेकदा कॅटही निघून जातं. मग काय होतं?

कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. ईसीयू दोघांचं रीडिंग ताडून बघतो. कॅट नसेल तर दोन्हीकडे जवळपास सारखंच रीडिंग येतं, पी०४२० सारखा कोड पडतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. त्यानंतरच्या गाड्या ही देखरेख चालू रस्त्यावर आणखी काटेकोरपणे करतात.

कॅट शाबूत ठेवलं तरी फिटिंग चुकू शकतं. समजा गॅस्केट नीट बसलं नाही आणि पहिल्या सेन्सरच्या आधी बारीक लीक राहिलं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं आणि जादा पेट्रोलमुळे कॅट तापून खराब होतं. हीट शील्ड काढून टाकलं असेल तर शेजारची वायरिंग, रबरी होज आणि इंजिन माउंट भाजून निघतात.

वॉरंटीचं भांडण नेमकं इथेच सुरू होतं.

'सिद्ध कंपनीला करावं लागतं' हे आलं कुठून?

अमेरिकेत १९७५ साली मॅग्नुसन-मॉस वॉरंटी ॲक्ट नावाचा कायदा झाला. आमचेच पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला सर्वसाधारणपणे घालता येत नाही, असं तो सांगतो. म्हणून तिथे नुसता बाहेरचा पार्ट दिसला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. अमेरिकेतले युट्यूबर हेच सांगतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडच्या रील्स बनतात आणि मग तेच बीडच्या कमेंट बॉक्सपर्यंत पोहोचतं.

भारतात असा वेगळा वॉरंटी कायदा नाही. आपल्याकडे वॉरंटी म्हणजे तुमच्यातला आणि कंपनीतला करार, जो गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या खटल्यात वॉरंटीच्या अटींवरच बोट ठेवलं होतं. अटीत सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलून देणं इतकंच लिहिलं असेल, तर त्या आधारावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असा तो निकाल होता. थोडक्यात, पुस्तिकेतला मजकूर हाच पहिला आधार.

आणि बहुतेक पुस्तिकांत एक कलम असतंच. कंपनीने मान्य न केलेले पार्ट किंवा केलेले बदल यांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. काही पुस्तिकांत याहून कडक भाषा असते आणि बदल केला तर वॉरंटीच थांबेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत यातलं कोणतं वाक्य आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

मग अख्खी वॉरंटी जाते का?

पुस्तिकेतलं वाक्य पहिल्या प्रकारचं असेल, तर हेडर बसवला म्हणून पॉवर विंडो, एसी किंवा स्टिअरिंगची वॉरंटी नाकारणं कंपनीला जड जाईल, कारण त्यांचा हेडरशी संबंध नाही. कंपनीने तरीही हात वर केले तर ग्राहक आयोगात दाद मागता येते.

पण ऑक्सिजन सेन्सर, कॅट, टर्बो, व्हॉल्व्ह, पिस्टन आणि ईसीयू यांचं तसं नाही. हे सगळे एकाच साखळीतले भाग आहेत. यातलं काही बिघडलं तर कंपनी सर्वात आधी हेडरकडे बोट दाखवणार. गाडीतली सर्वात महाग कामंही याच यादीत येतात.

सर्व्हिसला जायच्या आधी स्टॉक पार्ट परत बसवला की झालं, असंही सांगितलं जातं. ते इतकं सोपं नाही. दिवा लागला त्या क्षणाची नोंद ईसीयूत राहू शकते. नवं गॅस्केट आणि पाना लागलेले बोल्ट डोळ्यांना दिसतात. सोबत रिमॅप केला असेल तर कंपनीची यंत्रणा ईसीयूतलं सॉफ्टवेअर मूळ सॉफ्टवेअरशी ताडून बघू शकते. शिवाय लपवालपवी उघडी पडली तर आयोगासमोर तुमची खरी बाजूही लंगडी होते.

वॉरंटी वाचली, पण आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायद्यात 'हेडर' हा शब्द शोधून सापडणार नाही. पण कॅट काढलेली गाडी प्रदूषणाचं मानक मोडते आणि तिथे कलम १९०(२) लागतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गंडांतर. सायलेन्सरचा आवाज मर्यादेबाहेर गेला तरी हेच कलम.

पीयूसीलाही अडचण येते. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कॅटशिवाय हा आकडा गाठणं अवघड असतं.

विम्याचंही ध्यानात ठेवा. बदल कळवला नसेल आणि गाडीला आग लागली किंवा अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. इंजिन बेमध्ये उघडा तापलेला पाइप दिसला की सर्व्हेअर त्याबद्दल विचारणारच.

तरीही बसवायचाच असेल तर

पहिली गोष्ट, वॉरंटी संपेपर्यंत थांबा. नुसता आवाजच बदलायचा असेल तर कॅटच्या आधीच्या भागाला हात लावू नका. शेवटच्या मफलरचा इंजिनाशी संबंध सर्वात कमी, पण आवाजाचा नियम तिथेही लागू होतो.

दुसरी, पुस्तिकेतलं 'वॉरंटीत काय बसत नाही' हे पान वाचा आणि सर्व्हिस सेंटरला ईमेलवर प्रश्न विचारा. काउंटरवर कुणीतरी "काही होत नाही" म्हणालं, याला पुरावा म्हणत नाहीत.

तिसरी, कॅट आणि दोन्ही सेन्सर जागेवर राहतील असाच पार्ट घ्या. पक्कं बिल, पार्ट नंबर आणि फिटिंग करणाऱ्याची पावती जपून ठेवा. जुना पार्ट भंगारात देऊ नका. विमा कंपनीला लेखी कळवा.

चौथी, क्लेम नाकारला तर नकार कारणासह लेखी मागा. जॉब कार्डावर 'मॉडिफिकेशन' इतकाच शब्द असेल तर कोणता पार्ट आणि त्याने नेमकं काय बिघडवलं, हे विचारा.

बीडमध्ये बसून दाद मागता येते

आपल्या ब्रँडचं वर्कशॉप गावात नाही म्हणून बीड, परळी, गेवराईची अनेक मंडळी गाडी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून घेतात. भांडण झालं की वाटतं, आता खेटेही तिकडेच घालावे लागणार. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी पुण्याची असली तरी तक्रार बीडला.

मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी फी ४०० रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो.

फक्त एक लक्षात ठेवा. गाडीत मुळातच दोष होता हे आयोगासमोर आधी तुम्हाला मांडावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञाचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागू शकतो. गाडी जशी कंपनीतून आली तशीच असेल तर हे सोपं जातं. इंजिनालगतचा पार्ट बदललेला असेल तर समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न त्यावरच असेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "भाऊ, वॉरंटीचं काय?" असं विचारलं, तर त्याला सांगा: अमेरिकेचा कायदा बाजूला ठेव, डॅशबोर्डच्या खणातली पुस्तिका काढ आणि ते एक पान वाच.