चित्र हरवले, बंडी चालतेच आहे
कान आणि डोळा : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण रागमालेची चित्रे पाहिली. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली मानली जाणारी ती चित्रे निघाली गाण्यातून. राग आधी होता, चितारी नंतर आला. हिंडोल म्हटले की त्याने झोपाळा काढला. आज उलटी वाट धरू. भिंतीवर चित्रे आधी टांगली गेली आणि ती पाहून आलेल्या माणसाने पियानोवर वाजवायचे संगीत लिहिले.

माणूस मोडेस्ट मुसोर्ग्स्की, गाव रशियातले सेंट पीटर्सबर्ग, साल 1874. त्याचा मित्र व्हिक्टर हार्टमान हा वास्तुरचनाकार आणि चित्रकार 1873 मध्ये अवघ्या 39 व्या वर्षी गेला. दोघांचाही स्नेही असलेल्या व्लादिमीर स्तासॉव्ह या समीक्षकाने पुढाकार घेऊन पुढच्या वर्षी हार्टमानच्या चारशेहून अधिक कामांचे प्रदर्शन भरवले. मुसोर्ग्स्की ते पाहून आला आणि जून महिन्यात, सुमारे तीन आठवड्यांत, 'प्रदर्शनातील चित्रे' ही मालिका लिहून मोकळा झाला. दहा चित्रे, आणि त्यांच्या अधूनमधून येणारी एक चालीची धून.

ही धून नीट ऐका, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. एका चित्रापुढून दुसऱ्याकडे जाणारा प्रेक्षक म्हणजे खुद्द मुसोर्ग्स्की. अंगाने जाड, चालणे जड. धूनही तशीच: पाच मात्रांचे एक आवर्तन, मग सहाचे, पुन्हा पाचाचे. मांडीवर टाळी धरून बसणारा आपल्याकडचा श्रोता इथे हमखास चुकतो. सम आली म्हणावे तर एक मात्रा उरलेली असते. दालनात हिंडणारा माणूस असाच चालतो, थबकतो, वळतो. या मधल्या तुकड्यांत आपलाच चेहरा दिसतो, असे त्याने स्तासॉव्हला पत्रातून कळवले होते.

दुसरे चित्र जुन्या गढीचे. त्यात डाव्या हातात एकच स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत राहतो. तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला तो षड्ज वाटेल आणि वरची उदास धून लगेच आपलीशी होईल. पाश्चात्त्य संगीत कधीच न ऐकलेल्या माणसाने सुरुवात इथून करावी, असे माझे मत.

आता चौथे चित्र, 'बिद्वो'. पोलिश भाषेत गुरेढोरे. स्तासॉव्हच्या टिपणानुसार चित्रात होती मोठमोठ्या चाकांची, बैल जुंपलेली पोलिश गाडी. हा तुकडा नाचणगावच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ट्रॅक्टर आले तरी दिवाळीनंतर कापसाने शिगोशीग भरलेल्या बंड्या पुलगावच्या बाजूला जाताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा ठेका ठाऊक आहे. डावा हात पियानोच्या खालच्या, घोगऱ्या पट्टीत जाड स्वरगुच्छ आपटत राहतो: एक खाली, एक किंचित वर, पुन्हा खाली. लोखंडी धाव चढवलेले चाक चाकोरीत उतरते आणि बैल मान खाली घालून ओढून काढतात, ते हे. वरची धून धुरकऱ्याची. तीही फार हिंडत नाही, चारदोन स्वरांतच घुटमळते.

इथे एक जुना वाद आहे. मुसोर्ग्स्की 1881 मध्ये वारला, तोवर ही मालिका छापलीच गेली नव्हती. 1886 मध्ये त्याच्या मित्राने, रिम्स्की-कोर्साकोव्हने, ती संपादित करून छापली. ठिकठिकाणी हात फिरवला. त्याच्या प्रतीत बंडी दुरून येते: आवाज आधी हळू, मग वाढत जाणारा, मग जवळून गेलेला. ऐकायला छान. मुसोर्ग्स्कीच्या हस्तलिखितात मात्र पहिल्याच स्वरगुच्छावर खूण आहे ती अतिशय जोरात वाजवण्याची. म्हणजे तुम्ही वळून पाहता तो बंडी अंगावर आलेली असते, आणि मग ती लांब जात जाते.

मला मूळचेच पटते. दुरून येणारी गाडी हा देखावा झाला, लांब उभे राहून बघायचा. मुसोर्ग्स्कीला ओझे दाखवायचे होते. कुरकुर करत जाणाऱ्या भरल्या बंडीला जागा देण्यासाठी ज्याला रस्त्याच्या कडेला काट्यात सरकावे लागले आहे, तो रिम्स्की-कोर्साकोव्हच्या बाजूने मत देणार नाही. (रिम्स्की-कोर्साकोव्ह मोठा संगीतकार होता आणि त्याच्यामुळेच ही मालिका जगापुढे आली, हेही खरे.)

फ्रान्सच्या मोरीस राव्हेलने 1922 मध्ये ही मालिका मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधली. ती जगभर गाजली, आणि त्याच्यापुढे छापील प्रत होती म्हणून तिथेही बंडी दुरूनच आली. त्यामुळे पुष्कळांना हे मुळात पियानोचे काम आहे हेच माहीत नसते. पियानोची मर्यादा उघड आहे. तारेवर हातोडी पडली की स्वर लगेच विरायला लागतो. त्यात मींड नाही, सनईसारखा दम नाही. पण आठव्या चित्रात हीच मर्यादा कामाला येते. पॅरिसच्या जमिनीखालच्या कवट्यांच्या भुयारात कंदिलाच्या उजेडात उभा असलेला हार्टमान, असे ते चित्र. मोठा स्वरगुच्छ वाजतो आणि अंधारात विझत जातो. वादकाला फक्त थांबायचे असते. वाद्यवृंदातली पितळी वाद्ये तो स्वर फुंकून धरून ठेवू शकतात. पियानोला ते येत नाही, म्हणून तिथे मृत्यू जास्त खरा वाटतो. त्यानंतर ती चालीची धून परत येते, पण या वेळी उदास होऊन, उजव्या हातातल्या थरथरत्या स्वरांखाली. प्रेक्षक आता चित्राबाहेर नाही. मेलेल्या मित्राच्या मागोमाग भुयारात उतरला आहे.

हार्टमानची बहुतेक चित्रे पुढे हरवली. मालिकेशी नक्की जोडता येतील अशी मोजकीच उरली आहेत. त्यांत हे भुयार आहे, कोंबडीच्या पायांवर उभ्या चेटकिणीच्या झोपडीच्या आकाराचे घड्याळ आहे आणि शेवटच्या चित्रातली कीव्ह शहराची वेस आहे. 1866 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर जीवघेण्या हल्ल्यातून बचावला, त्याच्या स्मरणार्थ वेशीची स्पर्धा निघाली, नंतर बारगळली, आणि वेस कधी बांधलीच गेली नाही. तिच्यावरच्या घंटा मात्र रोज कुठे ना कुठे दोन हातांनी वाजवल्या जातात. बैलगाडीचे चित्र मिळालेले नाही.

पूर्ण मालिका सुमारे अर्ध्या तासाची आहे. प्रत्यक्ष ऐकायची तर मुंबईच्या एनसीपीएकडे लक्ष ठेवावे. तिथे पाश्चात्त्य संगीताच्या मैफली नियमित होतात. घरी ऐकणाऱ्यांनी स्वियातोस्लाव रिख्तरचे फेब्रुवारी 1958 चे सोफियातले ध्वनिमुद्रण शोधावे. सभागृहातले श्रोते सतत खोकत आहेत, एकदोन स्वरही घसरले आहेत. तरी याच्या तोडीचे दुसरे मला ठाऊक नाही. रिख्तर मूळ हस्तलिखिताच्या बाजूचा होता, तेव्हा 'बिद्वो' सुरू होण्याआधी आवाज थोडा कमी करून ठेवा.

पुढच्या लेखात रॅख्मानिनोव्ह. त्याने आपल्या काही पियानोरचनांना 'चित्र-अभ्यास' असे नाव दिले, आणि चित्रे कोणती ते बरीच वर्षे कुणाला सांगितले नाही.