कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

सकाळी ८

बाईंना मी गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायला सांगितली होती. त्या शाळेत शिकवत होत्या, म्हणून भवानी पेठेतल्या आमच्या गॅरेजात सगळेच त्यांना बाई म्हणतात. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७५ची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग, इंजिन १०८९ सीसीचं. रात्रभर उभी असल्यामुळे इंजिन पूर्ण थंड आहे आणि मला ते तसंच हवं आहे. टॅपेट थंड इंजिनावर बघायचे असतात, आणि पहिल्या सेल्फला गाडी कशी उठते यावरूनच अर्धं निदान होतं.

तक्रारी दोन. सिग्नलला गाडी बंद पडते, आणि पाय दाबला की आधी गचका मारते, मग उचलते. दुसरी स्टेअरिंगची. सरळ रस्त्यावर चक्र सतत डावी-उजवीकडे सांभाळावं लागतं, पण वळण घेतल्यावर मात्र ते आपणहून परत येत नाही.

"कार्बोरेटर बदलायचाच ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, त्याला हात सगळ्यात शेवटी लावणार."

हे मी प्रत्येकाला सांगतो आणि मनापासून सांगतो. कार्बोरेटर समोर दिसतो, त्याला फिरवायला स्क्रू आहेत, म्हणून जो तो डिसमिस घेऊन आधी त्याच्याकडेच वळतो. स्टेअरिंगच्या बॉक्सचंही तेच. जुन्या गाडीत दोष जिथे जाणवतो तिथे तो असतोच असं नाही, आणि हे न ओळखता फिरवलेला प्रत्येक स्क्रू पुढच्या मेकॅनिकचं काम वाढवतो.

९

टॅपेटचे दोन गॅप कमी निघाले, लावून घेतले. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली तर पॉइंटची टाच चांगलीच झिजलेली. टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं आणि ठिणगी मंदावते. फीलर गेज ०.४ मिमीच्या आसपास अलगद सरकायला हवा, इथे त्याचं टोकही आत जाईना. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे टाकले.

मग प्लग. चारही काढून १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरने फडक्यावर मांडले. मला प्लगचा रंग बिस्किटासारखा लागतो. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट राखाडी म्हणजे हवा जास्त. बाईंचे चारही पांढरट होते. म्हणजे आग पुरेशी नव्हती हे खरं, पण गाडी उपाशीही होती.

१०

गाडी चालू केली. पॉइंटमुळे आवाज सुधारला. इंजिन गरम होऊ दिलं आणि फिल्टरची डबी काढून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. हवा कमी केल्यावर इंजिन घुसमटायला हवं, पण उलट रेस वाढली. मिश्रण पातळ असल्याची ही साधी खूण. आता जास्तीची हवा शिरते कुठून ते शोधायचं. काही जण जोडावर पेट्रोल शिंपडतात, पण तापलेल्या इंजिनावर मी ते कोणालाही करू देत नाही. तेलाच्या कुप्पीने कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडावर इंजिन ऑइलचे थेंब सोडत गेलो. मागच्या कोपऱ्यावर थेंब पडला आणि इंजिनाचं स्लो क्षणात बदललं. कार्बोरेटर तिथून हवा घेत होता.

११

आता उघडायला हरकत नाही. सोलेक्सचा कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, मऊ असतो. मागे कोणीतरी त्याचे नट जोर लावून आवळले होते, त्यामुळे फ्लँज दोन्ही कानांशी वाकला होता. स्टीलची पट्टी उभी धरली की मधून उजेड दिसत होता. तशा फ्लँजवर नवं पॅकिंग टाकून काय उपयोग? जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून फ्लँज आठच्या आकड्यात घासायचा, सगळ्या तळावर सारखी चमक येईपर्यंत. गॅरेजातला पोरगा घासत बसला. हे काम घाईच्या माणसाला देत नाही.

मेन जेट भिंगाखाली धरला. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिमी. कचरा अडकला की तार घालून साफ करायची सवय फार वाईट. १२०चं भोक घासून १२५ झालं, तर वाटेचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढतं आणि आकडा मात्र तोच राहतो. जेटला हवेचा झोत द्यायचा, दुसरं काही नाही.

गचक्याचं कारण अॅक्सिलरेटर पंपात सापडलं. तोंडातून आत बघत थ्रॉटल हलवला की पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. इथे नुसतं ओघळत होतं. पंपाचा पडदा कडक होऊन चिरला होता. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला १३.५च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. १९७५ सालचे जेट हा हिशेब धरून बनलेले नाहीत. म्हणून मी अशा गाड्यांना मेन जेट एक पायरी मोठा बसवतो, पण हवेची सगळी भोकं बंद केल्यावरच. आधी मोठा जेट टाकला तर रोग झाकला जातो.

दुपारी १

डबा खाऊन चालत नाना पेठेत. पडदा, पॅकिंग, आणि स्टेअरिंगला लागलेच तर म्हणून टायरॉड एंड, रबरी बुश. पूर्वी पद्मिनीचं सामान हवं तेवढं मिळायचं, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ते रोज झिजवत होत्या. कुर्ल्यात बनणारी ही गाडी बंद होऊनही टॅक्सीमुळे बाजार जिवंत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला नोंदवलेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती उतरली. सामान अजून मिळतं, पण रबर पारखून घ्यावं लागतं. बुश नखाने दाबून बघतो. खूण राहिली तर परत करतो.

२.३०

गाडी खड्ड्यावर घेतली. स्टेअरिंगचा प्ले चक्राच्या कडेवर चांगला दोन-तीन बोटं. पोरगा वर बसून चक्र थोडं इकडे-तिकडे हलवतो, मी खालून एकेका सांध्यावर बोट ठेवत जातो. ड्रॉप आर्म चक्राबरोबर लगेच हलत होता, म्हणजे बॉक्समध्ये फारसं काही नाही. आयडलर मात्र वरखाली उडत होता, त्याच्या बुशात जीवच उरला नव्हता. डाव्या बाजूचा एक टायरॉड एंडही ढिला.

पुढचं चाक उचललं, वर आणि खाली धरून हलवलं. खटका आला.

"अरे, ब्रेक दाब आणि तसाच धर."

ब्रेक दाबल्यावर खटका गेला. बेअरिंगचा प्ले असेल तर तो ब्रेक दाबल्यावर जातो, किंगपिनचा असेल तर राहतो. बेअरिंगचा नट जुळवला. किंगपिनचे निपल चिखलाने बुजले होते, साफ करून, चाक अधांतरी असतानाच ग्रीस भरलं. वजन नसताना ते सगळीकडे पोचतं.

आता बॉक्स. प्ले घालवायला आधी कोणीतरी त्याचा स्क्रू आवळून ठेवला होता, म्हणूनच चक्र वळणावरून परत येत नव्हतं. आतला वर्म मधोमध सर्वांत जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले शून्य करायला जावं तर दोन्ही टोकांना दात जाम होतात. स्क्रू सोडला, ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं, चाकं सरळ ठेवून मध्यावर थोडा प्ले राहील इतकाच आवळला. पन्नास वर्षांच्या बॉक्सला थोडा प्ले असू द्यावा. नवे सांधे बसवून, कॉटरपिन घालून, दोरी लावून टो-इन घेतला.

५

मेन जेट एक पायरी मोठा टाकून कार्बोरेटर बसवला. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, बेतानेच आवळले. इंजिन गरम झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू आत घेत गेलो, इंजिन डगमगलं तिथून थोडा बाहेर. मग स्लो खाली आणलं. आता तोंडावर हात धरला की ते लगेच घुसमटतं.

६

बाईंना बरोबर घेऊन दिवेघाटात गेलो. गाडी त्याच चालवत होत्या. खाली मस्तानी तलाव दिसू लागला तोवर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर एकदाही अडखळ नाही. वळण संपताच चक्र त्यांच्या बोटांतून आपणहून सरळ येत होतं आणि त्या ते पुन्हा पुन्हा करून बघत होत्या.

चढ संपता संपता रेसवर असतानाच त्यांना क्लच दाबून चावी बंद करायला सांगितली. गाडी कडेला घेतली, थोड्या वेळाने एक प्लग काढला. पांढरटपणा गेला होता, बिस्किटी रंग धरू लागला होता. स्लोवर फिरवून परत आलेल्या इंजिनाचा प्लग भारावरचं खरं सांगत नाही, म्हणून तो चढावरच बघायचा. मोठा जेट योग्य ठरला.

"आठवडाभर चालवा आणि एकदा दाखवून न्या," मी म्हणालो. नवं पॅकिंग गरम-थंड होऊन बसतं, मग फ्लँजचे नट पुन्हा हलके घ्यावे लागतात. "तोवर कोणी स्क्रूला हात लावतो म्हणाला, तर लावू देऊ नका."