लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम! डीपी वाचवायचा तर जुना ऑटो स्विच बदला

शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, तर कधी रात्री. रात्री मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून अनेक शेतकऱ्यांनी स्टार्टरच्या पेटीत ऑटो स्विच बसवला आहे. अंधारात साप-विंचवाची भीती, ऊसपट्ट्यात बिबट्या. त्यामुळे ही सोय कुणालाही हवीशी वाटणारच. पण हाच स्विच डीपी जळायला मोठा हातभार लावतो. ऑटो स्विच काढा, असं आवाहन महावितरणही वारंवार करते.

मग रात्री उठून विहिरीवर जायचं का? तशी गरज नाही. वेळ लावता येणारा डिजिटल किंवा मोबाईल स्टार्टर हा त्यावरचा उपाय आहे. मात्र त्यात वेळ कशी लावायची, हे समजून घेतलं पाहिजे.

बिघडतं कुठे?

5 एचपीची मोटार चालू असताना साधारण 8 अँपिअर करंट घेते. चालू होण्याच्या क्षणी मात्र तीच मोटार सहापट, म्हणजे 48 अँपिअरच्या आसपास ओढते. 63 केव्हीएच्या डीपीची क्षमता सुमारे 84 अँपिअर. त्यावर अशा 10 मोटारी चालू असल्या तर 80 अँपिअर होतात, म्हणजे डीपी कसाबसा पेलतो. पण लाईट आल्याबरोबर दहाही ऑटो स्विच एकाच वेळी लागले तर मागणी 480 अँपिअरवर जाते!

व्होल्टेज धाडकन पडतं. कमी व्होल्टेजवर मोटारीला वेग घेता येत नाही, ती घुमत राहते आणि जास्त करंट ओढते. मग फ्यूज जातो, नाहीतर कुणाची मोटार जळते, नाहीतर डीपीच जातो. ऐन उन्हाळ्यात डीपी गेला तर नवा येईपर्यंत उभं पीक वाळतं. रिवाइंडिंगचा खर्च असतोच.

नवा स्टार्टर काय करतो?

यात लाईट आल्यानंतर किती वेळाने मोटार चालू करायची, हे ठरवता येतं. एका डीपीवरच्या 10 जणांनी एकत्र बसून क्रम लावावा: पहिल्याने 1 मिनिट, दुसऱ्याने 2, असं दहाव्याने 10 मिनिटं. मग शेवटची मोटार लागताना आधीच्या 9 मोटारींचे 72 आणि तिचे 48 मिळून 120 अँपिअर होतात, तेही काही क्षणच. सगळ्यांनी एकच वेळ लावली तर महागडा स्टार्टर घेऊनही उपयोग शून्य.

मोबाईल स्टार्टरमध्ये सिम कार्ड असतं. कॉल, मेसेज किंवा ॲपवरून मोटार चालू-बंद होते. दोन तास लावले की दोन तासांनी आपोआप बंद. विहीर आटली, एखादा फेज गेला, तर मोटार थांबवण्याची सोयही अनेक यंत्रांत असते. घेताना ती आहे का, ते विचारून घ्या.

घेण्याआधी हे तपासा

- स्टार्टर डीओएल आहे की स्टार-डेल्टा? कॉईल 230 व्होल्टची की 415 ची? पेटीचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा.
- विहिरीवर कोणत्या सिमला रेंज आहे? टू-जी यंत्रात फक्त फोर-जी नेटवर्क असलेलं सिम चालत नाही.
- सिमचा रिचार्ज संपला की कॉलवर मोटार चालत नाही. तारीख लक्षात ठेवा.

बसवताना

काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद करून तिन्ही ग्रीप काढून खिशात ठेवा, कारण लाईट कधीही येऊ शकते. टेस्टरने तपासल्याशिवाय हात लावू नका. कपॅसिटरमध्ये लाईट बंद झाल्यावरही करंट राहतो, हे विसरू नका. वायर सोडण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. जुना ऑटो स्विच पूर्ण काढा. तो जोडलेलाच राहिला तर नव्या स्टार्टरच्या वेळेला अर्थ उरत नाही. ओव्हरलोड रिले मात्र ठेवायचाच. पेटीचं अर्थिंग तपासा आणि कपॅसिटर बंद पडला असेल तर बदला.

पुढेही मोटारीचं काही काम करताना ग्रीप काढलेलीच हवी. आपण पाईप सोडत असताना घरून कुणी कॉल लावला तर जिवावर बेतेल. किती नंबरांवरून मोटार चालू होते, ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

एक गोष्ट स्पष्ट आहे: डीपीच्या क्षमतेपेक्षा जास्त मोटारी जोडलेल्या असतील तर वेळ बदलून भागणार नाही. तिथे भार वाढवून मागावा लागेल आणि चोरून जोडलेल्या मोटारी बंद कराव्या लागतील. बाकी ठिकाणी मात्र दहा जणांची एक बैठक आणि कागदावर लिहिलेला क्रम, एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो. तो कागद प्रत्येकाच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.