हिरवा दिवा आणि हरवलेलीं नांवें

गेल्या श्रावणांत आम्हीं इंटरनेट पुरविणारी कंपनी बदलली. राउटर जुनाच ठेवून त्यांत नवें खातेनांव व परवलीचा शब्द घातला. हिरवा दिवा लागला; परंतु घरांतील एकाही यंत्रावर एकही संकेतस्थळ उघडेना. थोरल्या नातीच्या प्रवेश-अर्जाची मुदत त्याच रात्रीं बारा वाजतां संपणार होती. मग काय विचारतां! माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांनीं नव्या कंपनीच्या नांवानें खडे फोडले, आणि आम्हींही टेलिफोनवर तेथील मुलास दोन कठोर शब्द सुनावले.

पुतण्या मात्र शांत होता. त्यानें संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन ८.८.८.८ या पत्त्यास हांक मारली, तों लगेच ओ आली. नांवानें हांक मारली, तर सर्वत्र सामसूम! वाट शाबूत होती. हरवलीं होतीं तीं नांवें.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. इंटरनेटवर यंत्राचा पत्ता आंकड्यांचा असतो. मनुष्याच्या ध्यानांत राहतें तें नांव. नांवावरून आंकडे सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं रचिली. ‘पीपीपीओई’ जोडणींत राउटर आपलें खातें कंपनीस पटवितो, आणि त्याच बोलण्यांत कंपनीकडून डीएनएस सर्व्हरांचे पत्ते मागून घेतो. घरांतील यंत्रें बहुधा राउटरला नांव विचारतात, व राउटर त्या सर्व्हरांस.

राउटरच्या सेटिंगांत पाहतों, तों जुन्या कंपनीचे पत्ते हातानें भरलेले! त्यांपुढें नव्या कंपनीनें दिलेले पत्ते बाजूस पडले, आणि जुन्या कंपनीचे सर्व्हर परक्या ग्राहकास उत्तर देईनात. पुतण्यानें ते आंकडे पुसून ‘आपोआप’ हा पर्याय निवडला. पत्ते जोडणीच्या वेळींच मिळतात, म्हणून जोडणी तोडून पुन्हा जोडली. साडेदहा वाजतां अर्ज रवाना झाला.

वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: एकच यंत्र अडलें तर त्या यंत्रांतील डीएनएस पाहावा, मोबाइलमध्यें ‘प्रायव्हेट डीएनएस’ही पाहावा. सर्वच अडलीं तर राउटर पाहावा. कंपनीचेच सर्व्हर बंद असतील तर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक पत्ता हातानें भरावा; परंतु वहींत तशी नोंद करावी.

तीं जुनीं आंकडेमोड तीन वर्षांपूर्वीं कोणीं भरली होती? आम्हींच. दुसऱ्या दिवशीं टेलिफोन करून त्या मुलाची क्षमा मागितली. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतील चुकांवर तांबडी शाई फिरविली. ही चूक मात्र आमच्याच हातची होती.